खारा कोळसा

अपेक्षा कोळशाच्या ढिगावरून घसरली ती थेट एका अनोळखी माणसाच्या पायाशी येऊन थांबली, ही गोष्ट आजही घरात कुणी काढली की ती उठून आत जाते. पाहुणे बसलेले असले तर जरा जास्तच घाईनं जाते.

डिसेंबरातली सकाळ होती ती. धरमतरच्या जेटीवर बार्ज नुकताच लागला होता, क्रेन कोळसा उपसून किनाऱ्यावर टाकत होती आणि खाडीवरून बोचरा वारा येत होता. अपेक्षा रोह्याहून कंपनीच्या जीपनं आली होती. खरं तर यायचं होतं तिच्या सहकाऱ्याला. पण त्याला आयत्या वेळी ताप भरला आणि कोळशाचा नमुना आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं. नमुना पायथ्याचा घेऊन भागत नाही, वरचाही लागतो, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून ओढणी कमरेला खोचून, हातात कापडी पिशव्या घेऊन ती सरळ ढिगावर चढली.

"ओ मॅडम, उतरा खाली. ढीग सरकतो तो," खालून कुणीतरी ओरडलं.

"फक्त दोन मिनिटं—"

ढिगानं तेवढीही दिली नाहीत.

खाली पोचल्यावर तिनं मान वर केली. नारिंगी जाकीट, पिवळं हेल्मेट, आणि हसू दाबायच्या खटपटीत वाकडं झालेलं एक तोंड तिच्याकडं बघत होतं.

"आधी हसून घ्या," ती म्हणाली. "मग हात द्या."

"हसतोय कुठं..." तो म्हणाला आणि हसलाच.

त्याचं नाव प्रणित. जेटीवर कोळसा उतरवून घेणाऱ्या कंत्राटदाराकडं तो सुपरवायझर होता, नोकरी पक्की होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यानं तिला पत्र्याच्या केबिनपाशी नेलं, आतून एक पांढरा कॅन आणला आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला. अपेक्षानं चांगलं मनसोक्त तोंड धुतलं, हात धुतले, परत तोंड धुतलं. तो ओततच होता. शेवटी जीपच्या ड्रायव्हरला राहवलं नाही.

"ताई, पुरे की. प्यायचं पाणी हाय त्याचं. इकडं सगळं खारं, ही लोकं गोडं पाणी घरून घेऊन येतात."

अपेक्षाचे हात थांबले. ती रोह्याजवळच्या वरसे गावची. घरामागून कालवा वाहतो, अंगणात विहीर, पाणी जपून वापरायचं असतं हे तिनं फक्त शाळेच्या निबंधात लिहिलेलं.

"सांगायचं नाही का तुम्ही?"

"काळ्या तोंडानं रोह्याला पाठवलं असतं तर तुमच्या घरचे काय बोलले असते? धरमतरची माणसं पाहुण्याला पाणीपण देत नाय." त्यानं कॅनमधलं उरलंसुरलं पाणीही तिच्या हातावर ओतलं. "कपाळावर राहिलंय अजून. नाय, डावीकडं..."

परतीच्या वाटेवर वडखळ जाईपर्यंत ड्रायव्हर हसत होता आणि ती खिडकीतून मिठागरं बघत होती. तिला तेव्हाच तो आवडला होता. पण हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही, कारण ती शास्त्र शिकलेली मुलगी होती आणि एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं तिचं म्हणणं होतं.

मग तिनं निरीक्षणं वाढवली. सहकाऱ्याचा ताप उतरला, पण नमुन्याला जायचं म्हटलं की जीपमध्ये ती आधी बसलेली असायची.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कंपनीच्या मागच्या शेडमध्ये तिचं काम चालायचं. कोळशापासून तेल करायचं. बंद भट्टीत कोळशाला अर्धपोटी हवा आणि वाफ द्यायची, म्हणजे तो जळून राख न होता त्याचा वायू होतो. तो वायू धुवून लोखंडाच्या भुकटीवरून न्यायचा, की दुसऱ्या टोकाला डिझेलसारखं तेल ठिबकतं. ती भुकटी म्हणजे उत्प्रेरक, कॅटॅलिस्ट. तो अपेक्षानं स्वतः बनवला होता. कॉलेज सुटल्यापासूनची सगळी वर्षं तिनं त्या करड्या भुकटीत घातली होती. मार्चच्या आत तेल निघालं तर काम पुढं चालणार होतं, नाही निघालं तर मालक शेडला कुलूप लावणार होते.

"हे कॅटॅलिस्ट कॅटॅलिस्ट म्हणता ते काय असतं?" प्रणितनं एकदा केबिनच्या पायरीवर चहा पिताना विचारलं.

"दोन वायू असतात. एकमेकांच्या शेजारून जातात, पण बोलत नाहीत. हा मध्ये असला की बोलायला लागतात आणि त्यांचं तेल होतं. हा आपला होता तसाच राहतो."

"म्हणजे लग्न जमवणारा मामा."

"मामा जेवून जातो. हा काही घेत नाही."

"आणि मधे मामा नसला तर? आपापलं नाय जमत?"

"जमतं..." अपेक्षानं नमुन्याच्या पिशवीची गाठ उगाच सोडली आणि परत बांधायला घेतली. "पण फार वेळ लागतो."

"लागू दे की," तो खाडीकडं बघत म्हणाला. "इकडं कुणाला घाई हाय."

त्यानं उरलेला चहा संपवला. मग त्यानंच विचारलं, "आणि हा मामा रुसतो कशानं?"

"गंधकानं. कोळशात असतं ते. अंगावर बसलं की हा कायमचा निजतो. म्हणून वाटेत गंधकाची गाळणी लावलीय आम्ही."

मिठाचं नाव तिनं घेतलं नाही. खाणीतून आलेल्या कोळशात मीठ कुठून येणार?

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या तशी कंपनीतल्या लोकांनी वरशाच्या माळावर पोपटी लावली. अपेक्षानं प्रणितला फोनवर सांगितलं, "सगळे येतायत, तू पण ये," आणि "तू" कधी आलं हे दोघांनाही कळलं नाही. तो दिवस कलता मोटारसायकलवर आला. येताना आईनं मिठागरात काढलेलं गेल्या हंगामातलं मीठ घेऊन आला होता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, ओवा आणि ते जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला दाबून मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला.

"ही पण बंद भट्टीच की तुझी," तो म्हणाला.

"फक्त आमच्या भट्टीला असा वास येत नाही."

मडकं उघडल्यावर वाफाळत्या शेंगा तिच्या हाताला सोसवेनात. तो एकेक सोलून दाणे तिच्या तळव्यावर ठेवत गेला, स्वतः न खाता. सगळ्यांच्या देखत. तिला लाजही वाटली आणि हे असंच चालू राहावं असंही वाटलं. तोंडाशी आलेलं बोलणं त्या दिवशी दोघांनीही शेंगांबरोबर गिळून टाकलं. आजही भांबुर्ड्याचा वास आला की अपेक्षाला आपला उजवा तळवा गरम झाल्यासारखा वाटतो.

तिच्या कामाचा कोळसा त्याच आठवड्यात उतरला. सगळ्या ढिगांपासून लांब, खाडीच्या बांधाशी प्रणितनं तो वेगळा ठेवून घेतला. ट्रक मिळेपर्यंत तिथंच राहणार होता. अपेक्षानं जाताना बजावलं, "झाकून ठेव, दुसऱ्यात मिसळू देऊ नको. भिजला तरी चालेल, आम्ही वाळवून घेतो."

"पोराला सांभाळतात तसा सांभाळतो."

आणि सांभाळलाही. शेडमध्ये आला तेव्हा कोळसा चोख दिसत होता. भट्टी पेटली, वायू सुटला, आणि टोकाच्या काचेच्या नळीत पहिले थेंब आले तेव्हा कामावर देखरेखीला पुण्याहून आलेले सुजय सर, जे एरवी हवामानाबद्दलसुद्धा जपून बोलत, त्यांनी अपेक्षाच्या पाठीवर थाप मारली. पण थेंब हळूहळू विरळ झाले. मग थांबलेच. वायू जसा आत जायचा तसाच बाहेर पडू लागला.

गंधकाची गाळणी तपासली, ठीक होती. तापमान ठीक होतं. "मग कॅटॅलिस्टमध्येच दम नाही," सुजय सर म्हणाले. "सोमवारी मालक येतायत. तसं सांगावं लागेल."

अपेक्षानं उत्प्रेरक बाहेर काढून तपासला तेव्हा त्यात क्लोराइड निघालं. भरपूर. तिला कळेना. मग वाळवणाच्या ट्रेमध्ये उरलेले कोळशाचे खडे तिनं उन्हात नेऊन बघितले. काळ्या खड्यांवर बारीक पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं. तिनं एक खडा जिभेला लावला. खारट. क्लोराइड आलं होतं ते मिठातून.

ती तशीच धरमतरला गेली. प्रणित केबिनमध्ये नव्हता, बांधापलीकडं आईच्या मिठागरात होता. त्याची आई, विमलबाई, लाकडी फळीनं मीठ ओढत होत्या. अपेक्षाला बघून त्यांनी फळी टाकली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तू त्या कोलशाची ना गो? ये, सावलीत ये. यंदा मीठ बग कसा पांढरा आलाय. त्या दिवशी वारा सुटला, ताडपत्री फाटली, सगली काली धूल माझ्या मिठावर आली असती. पोरानं पानी मारला म्हणून वाचला, नायतर व्यापारी हात लावत नाय काल्या मिठाला."

"पाणी कुठलं मारलं?" अपेक्षानं प्रणितला विचारलं.

"खाडीचं. पंप लावला न् ढीग पुरा भिजवला." तो खुशीत होता. "तूच बोललीस भिजला तर चालेल. तुझा कोळसा पण उडाला नाय आणि आईचं मीठ पण..." तिचा चेहरा बघून तो थांबला. "काय झालं?"

कोळशावर गोडं पाणी ओतायचं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. जे पाणी प्यायला पुरत नाही ते ढिगावर कोण मारतं? आणि भिजला तरी चालेल म्हणताना इथलं पाणी खारं असतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याकडं पाणी म्हणजे कालवा.

"खाऱ्या पाण्यानं बिघडलं?"

"तू कुणाला काही बोलू नकोस," अपेक्षा म्हणाली. "माझं मी बघते. तुझ्या कंत्राटदाराला कळलं तर एका दिवसात काढेल तो तुला."

"आणि मी नाय बोललो तर तुझं काय होईल?"

ती बांधाकडं वळली. विमलबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या आणि मग काही न विचारता मीठ ओढायला गेल्या.

रविवार तिनं कसा काढला तिलाच माहीत. खरं सांगितलं तर त्याची नोकरी जाणार, नाही सांगितलं तर तिचं सगळं काम फुकट ठरणार, आणि शेडमधली माणसं घरी बसणार. सोमवारी ती मालकांसमोर उभी राहिली तेव्हा तिनं मधला रस्ता काढला होता.

"कॅटॅलिस्ट चांगला आहे. कोळशात मीठ आलं होतं. कोळसा कसा ठेवायचा हे मी नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"मीठ आलं कुठून?" थोरल्या मालकांनी विचारलं. ते म्हातारे होते, पण कान तिखट होते.

सुजय सर खुर्चीत पुढं सरकले. तेवढ्यात गेटवरच्या वॉचमननं दारातून डोकं घातलं, धरमतरहून कुणी आलंय, ऐकत नाही म्हणाला. त्याच्या मागून प्रणित आत आला. धुतलेला शर्ट घातला होता, हेल्मेट काखेत होतं.

"पाणी मी मारलं," तो म्हणाला. "खाडीचं. मॅडमचा काय संबंध नाय."

"संबंध आहे," अपेक्षा म्हणाली. "भिजला तरी चालेल असं मीच सांगितलं होतं."

"तिनं खाऱ्या पाण्यानं भिजव असं नाय सांगितलं."

"भिजवू नको असं पण नाही सांगितलं. तू गप्प बस ना जरा..."

"तू गप्प बस. तुझं एवढ्या वर्षाचं काम हाय ते."

"मॅडम"ची "तू" झालेली सगळ्यांनी ऐकली होती. सुजय सर छताकडं बघू लागले. थोरल्या मालकांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तुम्ही दोघंही खरंच बोलताय," ते म्हणाले. "माझ्या कंपनीत हे पहिल्यांदाच होतंय. बरं. दुसरा कोळसा मी आणणार नाही. आहे त्यातूनच तेल काढून दाखवा. नाही निघालं तर शेड बंद."

जेटीवर संध्याकाळपर्यंत बातमी पोचली आणि कंत्राटदारानं प्रणितला फोनवरच काढून टाकलं. अपेक्षाला हे कळलं तेव्हा ती रडली. तो मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात हजर होता.

"कोळसा धुवायचा ना? माणूस लागेल तुला. मला आता वेळच वेळ हाय."

कोळसा धुवायचे दिवस हे अपेक्षाच्या आयुष्यातले सगळ्यात काळे दिवस, असं ती गमतीनं म्हणते. खरं तर तेच सगळ्यात सुखाचे होते. टोपल्यात खडे भरायचे, टाकीत बुडवायचे, निथळायचे, परत बुडवायचे. कालव्याचं गोडं पाणी धो-धो वाहताना बघून सुरुवातीला प्रणितच्या जिवाला लागायचं. "एवढ्यात आमच्या आळीचे दोन दिवस निघतील," तो म्हणायचा. निथळलेल्या पाण्यात बोट बुडवून तो चाखायचा. अपेक्षा त्याच पाण्यात औषधाचे थेंब टाकायची, मीठ असलं की पाणी दुधाळ व्हायचं.

"गोडं झालं," तो सांगायचा.

"दुधाळ आहे अजून. आणि ते चाटायचं नसतं, किती वेळा सांगू?"

"तू चाटलंस ते?"

"मी अभ्यासासाठी चाटलं."

मग परत एक टोपली. दोघांची नखं काळी, बोलायला दिवसभर मोकळे, आणि तरीही जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलून झालं. शेवटी एका दुपारी थेंब टाकूनही पाणी निवळशंख राहिलं. त्या दिवशी कोळसा धुवायचं काम संपलं, आणि कामापुरता काढलेला प्रणितचा गेटपासही संपला.

शेड पुढं वर्षभरच चालली. बाजारातलं तेल कोळशाच्या तेलापेक्षा स्वस्त पडतं म्हणून मालकांनी गाशा गुंडाळला, सुजय सर कोळशाच्या खाणींच्या मुलखात निघून गेले. आता तिथं रंगाची पिंपं ठेवतात. वसाहतीच्या त्या रस्त्यानं जाताना अपेक्षा अजून मान वळवून बघते. पण हे सगळं नंतरचं. उरलेला उत्प्रेरक भरून भट्टी परत पेटवली त्या फेब्रुवारीत यातलं काही कुणाला माहीत नव्हतं.

त्या खेपेला थेंब थांबले नाहीत. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसऱ्या दिवशीही नळीत पाण्यासारखं स्वच्छ तेल चढतच होतं. सुजय सर मालकांना फोन लावत होते, कुणीतरी पेढे आणायला धावलं. अपेक्षानं एक छोटी बाटली भरली आणि ती शेडमधून निघून भर दुपारी गेटवर गेली. प्रणित बाहेर नीलगिरीखाली मोटारसायकलला टेकून उभा होता. रोज येऊन उभा राहायचा, हे वॉचमनकडून तिला कळलं होतं.

गेटच्या गजांतून तिनं बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती उन्हात धरली, बूच काढून वास घेतला.

"हे माझ्या कोळशाचं?"

"तुझ्या कोळशाचं."

"काळा म्हणून काय पण नाय उरलं त्यात." तो बराच वेळ बघत राहिला. मग बूच घट्ट लावून त्यानं बाटली परत दिली. "चला. झालं तुझं काम. उद्यापासून मी यायला नको इथं."

"उद्या इथं येऊच नको," अपेक्षा म्हणाली. "उद्या वरशाला ये. घरी. बाबांना भेटायला."

त्याचा हात गजावर तसाच राहिला.

"कशाला?"

"कशाला ते तुला माहीत आहे."

"अपेक्षा... मला नोकरी नाय. काय सांगू त्यांना? सुपरवायझर होतो, मीठ वाचवायला गेलो न् पोरीचं काम बुडवत होतो?"

"हेच सांग." ती गजांना अगदी टेकली. "तुला कुणी बोलावलं नव्हतं त्या सोमवारी. गप्प राहिला असतास तर आज जेटीवर असतास. तू आलास. तू दारात उभा राहिलास ना, तेव्हा मला नोकरीचं, शेडचं, कशाचंच भान राहिलं नाही. एवढंच वाटलं की जन्मभर राहायचं तर या माणसाबरोबर. तू बाबांना खरं तेच सांग, प्रणित. तुला दुसरं काही येत नाही, आणि मला दुसरं काही नको."

वॉचमन उठून उगाच टाकीचं पाणी बघायला गेला. गजांतून हात घालून प्रणितनं तिच्या गालावरचा कोळशाचा डाग अंगठ्यानं पुसला, पण अंगठाच काळा असल्यामुळं तो जास्त पसरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"बाबा किती वाजता घरी असतात?" त्यानं विचारलं.